जाहिरातीच्या पानावरील समाज

एकाद्या काळाचा इतिहास लिहावयास बसलेला अभ्यासक जुनें वर्तमानपत्र उघडतो तेव्हां त्याची दृष्टि प्रथम अग्रलेखाकडे जाते. राज्यकर्ते काय म्हणाले, पुढाऱ्यांनीं त्यांस काय उत्तर दिलें, कोणत्या सभेंत कोणता ठराव झाला, हें सारें त्याला तेथें सांपडतें. जाहिरातींचें पान तो उलटून टाकतो. परंतु समाज कसा असावा असें लिहिणाराला वाटत होतें, एवढेंच अग्रलेखांतून कळतें. समाज कोणत्या गोष्टींसाठीं पैसे मोजावयास तयार होता, हें जाहिरातींतून कळतें. केस गळूं नयेत, मूल बाळसेदार व्हावें, मुलीला चांगलें स्थळ मिळावें, शेजाऱ्याच्या घरीं आहे तें आपल्याहि घरीं असावें, असल्या साध्या इच्छांची नोंद कोणत्याहि बखरींत नाहीं. ती जाहिरातींत आहे.

मात्र ही नोंद निःपक्षपाती नव्हे. जाहिरात समाजाचें रूप दाखविते, तसें त्याला वळणहि लाविते. शिवाय पानावर कोणाला जागा मिळाली याला जितकें महत्त्व आहे, तितकेंच ती कोणाला नाकारली गेली यालाहि आहे. महाराष्ट्राच्या गेल्या दोनशें वर्षांतील कांहीं उदाहरणें पाहिलीं म्हणजे या तिन्ही गोष्टींचा प्रत्यय येतो.

हिंदुस्थानांत वर्तमानपत्र आणि जाहिरात हीं जुळीं भावंडें आहेत. २९ जानेवारी १७८० रोजीं कलकत्त्यास जेम्स ऑगस्टस हिकी यानें या देशांतील पहिलें छापील वर्तमानपत्र काढलें. त्याच्या लांबलचक नांवांतच ‘जनरल ॲडव्हर्टायझर’ हे शब्द होते. मुंबईंत ‘बॉम्बे कुरिअर’ या इंग्रजी पत्रांत १७९७ सालीं एक जाहिरात गुजराती लिपींत निघाली, आणि गुजराती अक्षरें छापील रूपांत लोकांपुढें प्रथम आलीं तीं या जाहिरातीनें. पोथी किंवा काव्य छापण्याच्या आधीं बाजाराला त्या लिपीच्या खिळ्यांची गरज भासली, ही गोष्ट मुंबईच्या स्वभावाला धरूनच झाली.

मराठींत बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं ‘दर्पण’ सुरू केलें. त्यांत मराठी आणि इंग्रजी हे दोन्ही मजकूर शेजारीं शेजारीं छापलेले असत. देशी लोकांना ज्ञान मिळावें आणि राज्यकर्त्यांना देशी लोकांचें मन कळावें, असा त्यांतला दुहेरी हेतु. आठ वर्षांनीं, १८४० सालीं, तें पत्र थांबलें. ज्ञानाच्या तळमळीनें पत्र निघतें. परंतु तें चालविण्यासाठीं कागद, शाई आणि जुळाऱ्यांचा पगार लागतो. मराठी पत्रांचा पुढील शंभर वर्षांचा अनुभव असा कीं, वाचणारे पुष्कळ आणि वर्गणी भरणारे थोडे. एक अंक वाड्यांतल्या दहा बिऱ्हाडांतून फिरे आणि वाचनालयांत पन्नास हातांनीं मळे. पैसे मात्र एकाचेच येत. ही तूट कोणी भरून काढावयाची, या प्रश्नाचें उत्तर हळूहळू जाहिरातदार असें ठरत गेलें.

या उत्तराचें एक नमुनेदार उदाहरण मुंबईंतच घडलें. काशीनाथुनि नागेश्वरराव या आंध्र गृहस्थांनीं १८९३ सालीं मुंबईंत ‘अमृतांजन’ हें वेदनाशामक मलम विकावयास काढलें. त्या मलमानें मिळविलेल्या पैशांतून त्यांनीं १९०८ सालीं मुंबईंतूनच ‘आंध्रपत्रिका’ हें तेलुगु साप्ताहिक सुरू केलें. पुढें तें मद्रासेस जाऊन दैनिक झालें. डोकेदुखीच्या औषधानें एका भाषेच्या राजकीय जागृतीचा खर्च सोसला. त्या सुमारास, म्हणजे १९०५ सालीं, गिरगांवांत बी. दत्ताराम आणि कंपनी ही जाहिरातसंस्था निघाली. देशी जाहिरातसंस्थांत तिचें नांव आरंभींच घेतलें जातें. १९२९ सालीं जे. वॉल्टर टॉम्पसन ही अमेरिकन कंपनी मुंबईंत आली, आणि जाहिरात लिहिणें हें दुकानदाराच्या कारकुनाचें काम नसून तो एक स्वतंत्र, शिकून घेण्यासारखा धंदा आहे अशी समजूत रूढ होऊं लागली.

अक्षरओळख असणारांचा वर्ग लहान होता, म्हणून जाहिरातीनें चित्राचा आश्रय केला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७८ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह पुण्यांत चित्रशाळा काढली. १८९४ सालीं राजा रविवर्म्यानें मुंबईंत जर्मन यंत्रें आणि जर्मन कारागीर आणून छापखाना घातला; तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. या छापखान्यांतून निघालेल्या रंगीत तसबिरींनीं लक्ष्मी आणि सरस्वती यांचा चेहरा, साडी आणि उभें राहण्याची ढब हीं इतकीं पक्कीं केलीं, कीं देवींचें रूप याहून निराळें असूं शकेल हें लोक विसरून गेले. ज्यांना देवळाच्या पायरीशींच थांबविलें जाई अशांच्या घरांतहि आतां देव भिंतीवर आले, हा त्या छापखान्याचा न बोललेला पराक्रम होय.

व्यापाऱ्यांनीं हें सामर्थ्य तत्काळ ओळखलें. तसबिरीच्या खालीं साबणाचें, औषधाचें किंवा बालकांच्या अन्नाचें नांव छापून तिचें कॅलेंडर झालें, आणि वर्ष संपलें तरी देवाचें चित्र म्हणून तें भिंतीवरच राहिलें. तारखा फाडल्या गेल्या, देव राहिला आणि देवाच्या पायाशीं कंपनीचें नांवहि राहिलें. मँचेस्टरच्या गिरण्यांनीं तर हिंदुस्थानांत पाठविलेल्या कापडाच्या ताग्यांवर हिंदु देवतांचीं रंगीत लेबलें चिकटविलीं. परकीय कापड मराठी घरांत आलें तें कृष्णाचें आणि लक्ष्मीचें बोट धरून.

१९०५ सालीं वंगभंगाच्या निमित्तानें स्वदेशीची चळवळ उठली आणि त्याच वर्षीं पुण्यांत परदेशी कपड्यांची होळी झाली. आतां लेबलावरचा देव पुरेना. माल कोठें झाला हा प्रश्न लोक विचारूं लागले. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडाचा कांचकारखाना १९०८ सालीं तळेगांवास निघाला. ओगलेवाडीस ओगले बंधूंनीं कांचकारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील खेडोपाडीं पोंचला. गोदरेजांनीं प्राण्यांची चरबी न वापरतां वनस्पति-तेलांपासून साबण केला, आणि त्याची शिफारस करणारी रवींद्रनाथ ठाकुरांची जाहिरात प्रसिद्ध झाली. स्वदेशी वापरा, असें सांगून अग्रलेख थांबे; कोणता कंदील, कोणत्या दुकानीं, किती आण्यांना, हें सांगण्याचें काम जाहिरातीचें होतें. तिनें नवें मत निर्माण केलें नाहीं; तयार झालेल्या मताला किंमत आणि पत्ता दिला.

स्वदेशीच्या बाबतींत जाहिरात लोकमताच्या मागून चालली. चहाच्या बाबतींत ती लोकमताच्या पुढें चालली, आणि तिच्या शक्तीची खरी कल्पना येते ती येथें.

१८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें जमलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. जमलेल्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातांत धरला. गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत छापून आणलीं, आणि शहरांत मोठें ग्रामण्य उभें राहिलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. प्रायश्चित्तांचा प्रश्न निघाला. वस्तुतः आक्षेप पेयावर नव्हता, तो देणाऱ्या हातावर होता. आणि चहा पिण्यानें जितका क्षोभ झाला त्यापेक्षां अधिक क्षोभ नांवांच्या छापील यादीनें झाला. खाजगींत जें चालून गेलें असतें तें छापून आल्यावर चालेना. मुद्रणाचा समाजावर कसा दाब पडतो याचें इतकें स्वच्छ उदाहरण क्वचित् मिळेल.

त्यानंतरच्या पन्नास वर्षांत चहा मराठी स्वयंपाकघरांत कसा शिरला? आसामचा चहा मुख्यतः विलायतेसाठीं पिके. १९०३ सालीं चहाच्या निर्यातीवर एक पट्टी बसविण्यांत आली आणि तिच्या उत्पन्नांतून चहाच्या प्रसाराचें काम सुरू झालें. १९२९ नंतरच्या जागतिक मंदींत भाव कोसळले. १९३३ च्या आंतरराष्ट्रीय करारानें चहा पिकविणाऱ्या देशांनीं किती माल बाहेर पाठवावा याला मर्यादा घातली. शिल्लक राहिलेल्या चहाचें करावयाचें काय, या प्रश्नाला मळेवाल्यांनीं शोधलेलें उत्तर म्हणजे हिंदी माणसाचें घर. रेल्वेच्या स्टेशनांवर चहा कसा करावा याची कृति देशी भाषांत सांगणाऱ्या एनॅमलच्या पाट्या लागल्या. जत्रांतून आणि बाजारांतून फुकट चहा पाजण्यांत आला. प्रचारक दारोदार जाऊन चहा करून दाखवूं लागले. भूक आधीं आणि अन्न मागून, हा नेहमींचा क्रम; येथें माल आधीं होता आणि तहान मागून निर्माण करावयाची होती.

हें सारें श्रेय एकट्या जाहिरातीला देतां येणार नाहीं. गिरणीची पाळी, रेल्वेचा प्रवास, इराण्याचें हॉटेल, कचेरीची ठराविक वेळ या सर्वांनीं चहाला जागा करून दिली. गांधीजींसारख्यांनीं चहाच्या दोषांविषयीं लिहिलें, तरी त्याचा वेग थांबला नाहीं. उलट १९४७ सालीं अन्नदा मुन्शी यांनीं चहाच्या प्रचारासाठीं केलेल्या चित्रांत सूत कातणारी स्त्री दाखवून चहा हा शंभर टक्के स्वदेशी आहे असें सांगितलें गेलें. परक्या मालाशीं झुंजण्यासाठीं जन्मलेला शब्द आणि सुताचा चरखा हे दोन्ही चहाच्या सेवेला लागले.

तथापि लोकांनीं जाहिरात जशीच्या तशी मान्य केली नाहीं, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. पाटीवरची कृति इंग्रजी घराची होती: उकळतें पाणी किटलींत ओतावें, पत्ती मुरूं द्यावी, मग पेल्यांत दूध-साखर घालावी. मराठी गृहिणीनें चहा घेतला, पण ही आज्ञा मानली नाहीं. पाणी, साखर, पत्ती, आलें आणि दूध हीं तिनें एकाच पातेल्यांत उकळलीं. पुण्याच्या अमृततुल्य दुकानांनीं त्याच रीतीला पितळेच्या भांड्यांत प्रतिष्ठा दिली. विकणाऱ्यांनीं पेय दिलें. त्याची चव घेणाऱ्यांनीं ठरविली. पाहुण्याला गूळपाणी देणाऱ्या घरांत चहा न विचारणें हा अनादर ठरूं लागला, आणि ज्या पेयापायीं पुण्यांत ग्रामण्य झालें होतें तेंच पेय आतिथ्याची खूण झालें.

जाहिरात समाजाच्या किती पुढें आणि किती मागें असते याचें दुसरें माप स्त्रीच्या चेहऱ्याच्या इतिहासांत मिळतें. दादासाहेब फाळके यांनीं ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटासाठीं नटवर्ग हवा म्हणून ‘इंदुप्रकाश’ आदि पत्रांत जाहिराती दिल्या. पुरुष आले, तारामतीच्या कामाला एकहि स्त्री मिळाली नाहीं. अखेरीस उपाहारगृहांत काम करणारे अण्णा साळुंके हे तारामती झाले, आणि ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्यें हा चित्रपट लोकांपुढें आला. त्याची जाहिरातहि अभ्यास करण्यासारखी आहे. हरिश्चंद्राची कथा सर्वांना पाठ. म्हणून कथेचें नांव घेऊन भागण्यासारखें नव्हतें. जाहिरातींत नवलाचें वजनमापच सांगितलें गेलें: ५७,००० छायाचित्रें, २ मैल लांबीचें चित्र, आणि दर अवघा ३ आणे. फाळक्यांच्या पुढील ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटांत दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनीं कामें केलीं. परंतु तेवढ्यानें प्रतिष्ठित घरांचीं दारें उघडलीं नाहींत.

त्याच काळांत रंगभूमीवर बालगंधर्वांचें राज्य होतें. त्यांची नेसण, त्यांचे दागिने, त्यांनीं माळलेला गजरा यांचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. स्त्रीनें तोंडाला रंग लावून लोकांपुढें येऊं नये असें ज्या समाजाचें मत होतें, त्याला स्त्रीसौंदर्याचा नमुना एका पुरुषाकडून घ्यावा लागला. १९३२ सालीं प्रभात कंपनीनें तीच हरिश्चंद्राची कथा ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटांत पुन्हां मांडली, तेव्हां तारामतीची भूमिका दुर्गा खोटे यांनीं केली. त्या सुशिक्षित आणि संपन्न कुटुंबांतल्या. तारामती तीच, कथा तीच. मधल्या १९ वर्षांत बदलला होता तो प्रेक्षक.

१९४१ सालीं लीला चिटणीस यांचें चित्र लक्स साबणाच्या जाहिरातींत आलें. त्या साबणाच्या जाहिरातींत आलेल्या त्या पहिल्या हिंदी नटी. धारवाडकडच्या मराठी घरांत जन्मलेल्या या पदवीधर बाई तेव्हां बॉम्बे टॉकीजच्या चित्रपटांनीं देशभर ओळखल्या जात होत्या. साबण विकणाऱ्या कंपनीनें येथें कांहीं धाडस केलें असें मानण्याचें कारण नाहीं. नटीचा चेहरा घरंदाज न्हाणीघरांत जाऊं शकेल अशी खात्री पटल्यावरच तिनें तो छापला. धाडस ज्यांनीं केलें त्या दुर्गाबाई, कमलाबाई आणि दुर्गा खोटे यांची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागली होती. जाहिरातीनें त्या धाडसाचें व्याज घेतलें.

व्याज घेतां घेतां तिनें समाजाला एक जुना रोगहि परत दिला. वधूपरीक्षेंत गोऱ्या रंगाला मान होता, तो जाहिरातीनें शोधून काढलेला नव्हता. वर्तमानपत्रांतल्या वधूवरांच्या छोट्या जाहिरातींत तो उघडपणें छापला जाई. परंतु जो समज घराच्या ओसरीवर कुजबुजला जात असे त्याला मालाचें रूप आलें. १९७५ सालीं ‘फेअर अँड लव्हली’ हें मलम बाजारांत आलें. सांवळ्या मुलीला नोकरी आणि नवरा दोन्ही रंग उजळल्यावरच मिळतात, अशा आशयाच्या कथा त्याच्या जाहिरातींनीं वर्षानुवर्षें दाखविल्या. टीका वाढत गेल्यावर २०२० सालीं त्याच्या नांवांतला गोरेपणाचा शब्द काढण्यांत आला. एका शब्दाला पानावरून उतरवावयास ४५ वर्षें लागलीं. तो मनांतून उतरावयास किती लागतील हें जाहिरातीच्या हातीं नाहीं.

जाहिरातीच्या पोटीं केवळ हांव जन्मते असें मानणाऱ्यांनीं किर्लोस्करवाडीचा इतिहास पाहावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनीं लोखंडी नांगर केले तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले थोडेसे नांगर खपावयास दोन वर्षें लागलीं. १९१० सालीं औंध संस्थानाच्या हद्दींत कारखान्यासह किर्लोस्करवाडी वसली. १९२० सालीं शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली ती कारखान्याचें पत्र म्हणून. कारखान्याची आणि मालाची वार्ता ग्राहकांपर्यंत पोंचावी, हा तिचा उद्देश. परंतु नांगर विकावयाचा तर आधीं भीति घालवावी लागते, आणि भीति घालवावयाची तर विचार सांगावा लागतो. नांगराविषयींच्या भीतीपासून इतर भीतींपर्यंत जावयास फार वेळ लागला नाहीं. ‘खबर’ हा शब्द गळून नुसतें ‘किर्लोस्कर’ मासिक राहिलें; त्यांत सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले, अस्पृश्यता आणि रूढि यांवर प्रहार झाले. १९३० सालीं ‘स्त्री’ आणि १९३४ सालीं ‘मनोहर’ हीं भावंडें निघालीं. मध्यमवर्गीय मराठी स्त्रीला स्वतःच्या शिक्षणाविषयीं, विवाहाविषयीं आणि नोकरीविषयीं वाचावयास मिळालें तें एका नांगराच्या जाहिरातींतून फुटलेल्या शाखेवर.

एका बाजूस असें आहे. दुसऱ्या बाजूस ज्यांना पानावर येऊं दिलें गेलें नाहीं त्यांची हकीकत आहे. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. आंबेडकर यांनीं ‘मूकनायक’ हें पाक्षिक सुरू केलें. शाहू महाराजांनीं त्यासाठीं २,५०० रुपयांचें साह्य दिलें होतें. नवीन पत्र निघत आहे हें लोकांस कळावें म्हणून ‘केसरी’कडे जाहिरात देऊं करण्यांत आली. ती फुकट छापा अशी विनंति नव्हती. पैसे देण्याची तयारी होती. तरीहि ती छापण्यास नकार मिळाला, असें आंबेडकरांच्या चरित्रांत नोंदलेलें आहे. तेव्हां टिळक हयात होते.

या लहानशा घटनेचें महत्त्व फार मोठें आहे. बाजारांत पैशाला जात नसते असें म्हणतात. कोणताहि दुकानदार दर भरून आपल्या तेलाची किंवा गोळ्यांची स्तुति छापून घेऊं शके; त्या काळच्या पत्रांतून गुप्तरोगांच्या आणि शक्तिवर्धक औषधांच्या जाहिराती राजरोस येत. परंतु बहिष्कृत समाज स्वतःचें तोंड उघडीत आहे एवढी वार्ता दर भरूनहि पानावर येऊं शकली नाहीं. जाहिरातीच्या आरशाला चौकट असते आणि ती चौकट समाजच ठोकतो, हें येथें उघड दिसतें. ‘मूकनायक’ १९२३ सालीं थांबलें. १९२७ सालीं ‘बहिष्कृत भारत’ निघालें. ज्यांना दुसऱ्याच्या पानावर जागा नाहीं त्यांना स्वतःचें पान काढावें लागतें, आणि त्यांच्या पानाला जाहिरातदारहि मिळत नाहींत. मूकपणा हा नुसता वाणीचा नसतो, तो हिशेबाच्या वहीचाहि असतो.

दुसरी हकीकत रघुनाथ धोंडो कर्वे यांची. त्यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविलें. शरीरधर्मासंबंधीं जें ज्ञान त्यांनीं सरळ शास्त्रीय भाषेंत दिलें त्याबद्दल १९३१ सालीं आणि पुन्हां १९३४ सालीं त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. दुसऱ्या खटल्यांत त्यांची बाजू आंबेडकरांनीं मांडली. दंड झाला, तरी १९५३ सालीं मृत्यु येईपर्यंत कर्व्यांनीं मासिक सोडलें नाहीं. त्याच विषयावर भोंदू वैद्यांच्या जाहिराती प्रतिष्ठित घरांत निर्वेधपणें वाचल्या जात होत्या. अज्ञानावर जगणारी जाहिरात सभ्य आणि अज्ञान घालविणारा लेख असभ्य, असा त्या काळचा न्याय होता. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना बंदी करणारा कायदा झाला तो १९५४ सालीं.

या सर्वांवर उपाय म्हणून गांधीजींनीं ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ या पत्रांत जाहिराती घेतल्याच नाहींत. तो मार्ग स्वच्छ होता. परंतु त्याला गांधीजींच्या नांवाचे वर्गणीदार लागतात. सामान्य संपादकाला तें बळ नसतें.

सरकारी नभोवाणीनेंहि प्रथम असाच संन्यास घेतला होता. १९५२ सालीं नभोवाणीमंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनीं अभिरुचीच्या रक्षणासाठीं चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केलें. श्रोत्यांनीं वाद घातला नाहीं. त्यांनीं रेडिओचा कांटा फिरवून सिलोन लावलें. त्याच वर्षाच्या अखेरीस तेथें ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, आणि अमीन सयानी यांच्या आवाजाबरोबर एका टूथपेस्टचें नांव घराघरांत गेलें. १९५७ सालीं विविध भारती काढून सरकारनें गीतें परत आणलीं. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीहि आल्या, आणि त्यांचा आरंभ महाराष्ट्रांतूनच झाला. लोकांची आवड नाकारणाऱ्याच्या हातून श्रोता निसटतो आणि ती पुरविणारा त्याला आपला माल विकतो. या दोहोंच्या मध्यें आवड घडविण्याचा जो कष्टाचा मार्ग आहे, तो ‘किर्लोस्कर’सारख्या थोड्यांनींच चोखाळला.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. जाहिरात समाजाला बिघडविते किंवा सुधारते, असें सरसकट म्हणण्यांत अर्थ नाहीं. स्वदेशींत ती मागून आली, चहांत पुढें गेली, नटीच्या बाबतींत वाट निर्धोक होईपर्यंत थांबली, आणि ‘मूकनायका’च्या बाबतींत तिचें दारच बंद राहिलें. ती कोणाच्या पैशानें बोलते आणि कोणाला बोलूं देत नाहीं, हे दोन प्रश्न प्रत्येक काळांत विचारावे लागतात.

ते आज विचारतां येतात, कारण जुनें पान शिल्लक आहे. १९२० सालचा अंक उघडला तर त्या दिवशीं सर्वांपुढें काय होतें आणि काय नव्हतें, हें कोणालाहि ताडून पाहतां येतें. आज हातांतल्या मोबाइलवर येणारी जाहिरात प्रत्येकासाठीं निराळी निवडलेली असते. एकाच घरांत बापाला एक पान दिसतें आणि मुलीला दुसरें, आणि दोन्हीं पानें क्षणानंतर पुसलीं जातात. कोणती जागा कोणाला नाकारली गेली, हें शेजारच्यालाहि कळत नाहीं. पंचहौदाची यादी छापली गेली म्हणून तिच्यावर वाद होऊं शकला. ‘मूकनायका’ची जाहिरात छापली गेली नाहीं, हेंहि कोणीतरी नोंदून ठेवलें म्हणून कळलें. जें पान सर्वांना मिळून वाचतां येत नाहीं त्याचा जाब विचारणें कठीण असतें. म्हणून निदान आपापल्या घरांत एकमेकांच्या हातांतलें पान पाहावें, आणि जें कोणाच्याच पानावर दिसत नाहीं त्याची विचारपूस करावी. इतिहासकाराला उद्यां जें सांपडणार नाहीं, तें आजच्या वाचकानेंच लिहून ठेवलें पाहिजे.